थोरल्याचं माप

कापूस फुटला की माझ्या नाकाला मासळीचा वास येतो. हे कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे जरा संशयानंच बघतात. कापसाला मुळी वासच नाही, आणि आमचा बुलढाणा जिल्हा समुद्रापासून इतका लांब की इथल्या पुष्कळांनी समुद्र फक्त कॅलेंडरावर पाहिलेला. पण परवा मेहकरच्या बसस्टँडवर उभी होते, समोरून कापसानं टम्म फुगलेली एक ट्रॉली गेली, तिच्या मागे रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके लटकून राहिले, आणि झालं. ओलं जाळं, शेवाळ, खवले, चुलीवर उकळणारा लसणाचा रस्सा, सगळं एकदम नाकात भरलं. माझी बस आली, थांबली, निघून गेली. मी आपली बाभळीकडे बघत उभी.

हा वास नाकात बसला त्या हिवाळ्यात मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. विषय प्राणिशास्त्र. मेहकरात या विषयाचा उपयोग एवढाच की गल्लीत साप निघाला की मला हाक मारायचे. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, मी दुपारभर तिथं बसून काजं करायची आणि पेपरातल्या नोकऱ्या वाचायची. तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या सरांनी एक काम आणलं. गावापासून पुढे एक लहानसं धरण आहे, तिथं भोई मंडळी मासे धरतात. हंगामभर रोज सकाळी जायचं, निघालेले मासे मोजायचे, फळीवर ठेवून लांबी घ्यायची, ताणकाट्याला लटकवून वजन करायचं. समुद्रकाठी म्हणे अशी कामं नेहमीचीच. होडी लागली की मोजणारा हजर. आमच्याकडे होडी म्हणजे थर्माकोलच्या ठोकळ्यांचा तराफा, बंदर म्हणजे धरणाची पाळ, आणि मोजणारा म्हणजे मी.

“मछली का नाप?” अब्बा चष्म्यावरून बघत म्हणाले. “सूट सिलवाना है क्या उनको?” मग स्वतःच हसले आणि गळ्यातला जुना टेप काढून माझ्या गळ्यात घातला. “रख ले. काम आएगा. सिर्फ खेंचना नहीं.” कापडी टेप ओढला की माप खोटं येतं, हे मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आले होते. फळी असताना टेप कशाला, असं मनात म्हणत मी तो पिशवीत टाकला.

पाळीवर पहिल्या दिवशी माझं स्वागत झालं ते असं. डोक्याला पदर गुंडाळलेली, पायात पुरुषी चपला घातलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली आणि मला खालून वर बघून म्हणाली, “तू मोजनार व? तुलेच कोनी मोजून आनलं नाई वाटते. काडीपैलवान हायेस निस्ती.”

ही गोदामावशी. धरणावरच्या सगळ्या भोयांची मिळून एक सोसायटी होती आणि कागदावर तिचे अध्यक्ष मावशीचे यजमान, सुखदेवभाऊ. ते पाण्यात राजा आणि जमिनीवर मुके. बोलण्याचं, भांडण्याचं, विकण्याचं आणि हसण्याचं सगळं खातं मावशीकडे. सकाळी मासे निवडायची, टोपली घेऊन मेहकरच्या बाजारात जायची, आणि परत आली की पाण्याच्या कडेपर्यंत पसरलेल्या कापसात वेचायला जायची. वेचणीची ओटी कमरेला असायची तेव्हा तिच्या हातांना सकाळची मासळी असायची, आणि सकाळी मासळीत हात घालायची तेव्हा केसांत कालचा कापूस. वारा सुटला की कापसाचे पुंजके उडून ओल्या माशांना चिकटायचे. मी एकेक मासा पुसून फळीवर घ्यायची. मावशी ओरडायची, “नीट पुस व. न्हाईतं कापसाचं वजन माशाच्या नावावर चढवशीन!”

त्या दिवसांत बीटी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. चहाच्या टपरीवर बीटी, बसमध्ये बीटी, लग्नाच्या बैठकीत बीटी. बियाण्याच्या जाहिराती भिंतीभिंतीवर रंगवलेल्या, त्यांतलं बोंड नारळाएवढं. तेवढं बोंड मी त्या शिवारात एकही पाहिलं नाही. त्या साली पाऊस मधेच रुसला, मग लाल्या आला. झाडांची पानं लालभडक होऊन वाळली. लांबून बघावं तर शेतं सुंदर दिसायची, इतकी की मला त्या सुंदर दिसण्याचीच लाज वाटायची. धरणाच्या वरच्या वस्तीत काही घरांत चूल उशिरा पेटू लागली. आधी मावशीला हाक मारून रोहू मागणाऱ्या बाया नुसत्याच दारात उभ्या राहून टोपलीकडे बघायच्या. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं असं नाही. पण वय बावीस, हातात मोजायची फळी, समोर चमचमणारं पाणी. खरं सांगते, मी त्या हिवाळ्यात सुखात होते.

सकाळच्या पहिल्या बसनं उतरायचं. पाळीवर दगडी पायऱ्या, त्यावर उन्हाची पहिली पट्टी. पाण्यावर वाफ. तराफे एकामागून एक किनाऱ्याला लागायचे. रोहू, कटला, मृगळ. पोटाकडून चंदेरी, पाठीवर शेवाळी. कटल्याचं तोंड नेहमी वर, रागावलेल्या हेडमास्तरांचं असावं तसं. माझे हात गारठून जायचे, बोटांना खवले चिकटायचे. सुखदेवभाऊ न बोलता शेकोटीतला निखारा माझ्याकडे सरकवायचे.

आणि दुपारी जेवण. मावशी बाजारातून येऊन जेवू घालेपर्यंत मला सोडायचीच नाही. ज्वारीची भाकर आणि माशाचा लालजर्द रस्सा, बोटं भाजतील असा. अम्मीनं निघताना सांगितलं होतं की मटणाला नाही म्हण, मासा मात्र कुणाच्याही चुलीवरचा चालतो. मग काय, मी आणि मावशी एका परातीत. ती मला मधली तुकडी वाढायची, जाड, गोल, काट्याला कमी. “खाय. काडीची जरा लाकूड तं होशीन.”

आता यात एक गोष्ट अशी होती की जिच्यावर सगळ्या पाळीचं पोट होतं. जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब या मोजणीवर लक्ष ठेवून होते. धरणात दर वर्षी माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायचे. ती इथं वाढतात की नाही, हे माझ्या मापांवरून ठरणार होतं. वाढत असतील तर पाणी सोसायटीकडे राहणार. नसतील तर ते बाहेरच्या ठेकेदाराला जाणार, आणि मग मावशीनं त्याच पाण्याच्या कडेला बसून ठेकेदाराच्या माणसांचे मासे निवडायचे. हे मला सरांनी सांगितलं, मी मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, “वाढतेत ना. आम्हाले का डोळे नाईत?”

पण माझी मापं तसं म्हणत नव्हती. संक्रांत जवळ आली तरी माझ्या फळीवर यायची ती मध्यम अंगाची पोरंसोरंच. मोठा मासा नाहीच. सरांनी मापं बघितली आणि म्हणाले, “रेहाना, हे काही बरं दिसत नाही. साहेब संक्रांतीनंतर येतील, तेव्हा ते हेच बघतील.” मी बसमध्ये खिडकीशी बसून रडले, आणि खवल्यांच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे आणखीच रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं परातीत तुकडी वाढली. मी भाकर मोडली, तुकडी उलटी केली आणि हात तसाच राहिला. माझ्या पंजाएवढी तुकडी. मधलं हाड रुपयाच्या नाण्याएवढं. मी गेले कित्येक दिवस मासे मोजत होते, आणि एवढी तुकडी पडेल असा एकही मासा माझ्या फळीवर आला नव्हता.

“मावशी, हा कुठला मासा?”

“कुठला म्हंजे? धरनातला.”

“मग मी मोजला कसा नाही?”

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सूर्य का मोजला नाही असं विचारलं. “थोरला हाय तो. थोरल्याले कोनी तोलते काय?”

मग एकेक उलगडत गेलं. तराफे माझ्यापर्यंत यायच्या आधी पाळीच्या पलीकडच्या टोकाला एक वळण घेतात. तिथं बाभळीखाली शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे आसरा, पाण्यातल्या देवी. प्रत्येक तराफ्यातला सगळ्यात मोठा मासा, म्हणजे थोरला, तिथं उतरवायचा. तो काट्यावर चढत नाही, बाजारात जात नाही. चिरून त्याचे वाटे घालायचे, ज्या घरी गरज त्या घरी आधी, मग आपली चूल. यात लपवाछपवी काहीच नव्हती. मला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला सांगायची गोष्ट वाटलीच नाही. आणि मी, मोजणीवर नेमलेली बाई, सगळा पुरावा रोज दुपारी भाकरीशी खात होते! हे ध्यानात आलं तसं मला हसू फुटलं, ते थांबेना. रस्सा नाकात गेला. मावशीनं पाठीत धपाटे घातले.

पण हसू ओसरल्यावर मी गंभीर झाले. “मावशी, साहेब यायच्या आत थोरले काट्यावर घालू. नाहीतर पाणी जाईल.”

“नाई.”

“अगं, एकदाच.”

“नाई म्हनलं ना व पोरी.” तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “काट्यावर घातलं की त्याचा भाव होते. भाव झाला की कोनाले देऊ वाटते काय? माह्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून थोरला असाच चालला. अन यंदा तं वरल्या वस्तीवर पाच-सात घरी त्याच्यावरच कालवन होऊन राह्यलं. लोकाईच्या शेताले लाल्या लागला, आता मी थोरल्याले काटा लावू?”

पाणीही हवं आणि थोरलाही हवा, आणि दोन्ही एका काट्यावर बसत नव्हते. सुखदेवभाऊ जाळ्याची गाठ मारत होते, त्यांचेही हात थांबले होते. मावशी उठून गेली आणि त्या दिवशी मला दुसरी तुकडी वाढली नाही, म्हणजे परिस्थिती काय असेल ते समजा.

संध्याकाळी दुकानात बसले होते. एक आजोबा आले होते, नातवाच्या लग्नाला सदरा शिवायचा होता. अब्बा त्यांचं माप घेत होते. वयस्कर माणसाचं माप घ्यायची अब्बांची एक खास रीत होती. आधी सलाम, मग खुर्ची, मग पाणी. पोटाचा घेर घेताना ते आकडा कधीच मोठ्यानं उच्चारायचे नाहीत, अंगठा टेपावर दाबून कोपऱ्यात यायचे आणि खडूनं लिहायचे. “बुजुर्गों का नाप चिल्लाके नहीं बोलते,” असं त्यांचं म्हणणं. आजोबा छाती फुगवून उभे होते, चेहऱ्यावर लग्नघरचा रुबाब. मी बघत राहिले आणि माझ्या हातातली सुई खाली पडली. लांबी आणि घेर कळला की माशाच्या वजनाचा पक्का अंदाज बांधता येतो, हे मी कॉलेजात शिकले होते. काट्याची गरजच नव्हती.

सकाळी मी पिशवीतला टेप गळ्यात घालून धावतच पाळीवर गेले. “मावशी, थोरल्याला तोलायचं नाही. त्याचं सदऱ्याचं माप घ्यायचं!”

“कायचं?”

“सदऱ्याचं. मोठ्या माणसाचं माप घेतात की नाही? मानानं. उभं राहून. माझे अब्बा घेतात तसं.”

मावशीनं कमरेवर हात ठेवले. आधी माझ्याकडे, मग टेपाकडे, मग सुखदेवभाऊंकडे बघितलं. आणि ज्यांचा आवाज मी सगळ्या हंगामात चार वेळासुद्धा ऐकला नव्हता ते सुखदेवभाऊ म्हणाले, “सदऱ्याचं माप तं चालते बॉ.”

“हाव,” मावशी सावकाश म्हणाली. “चालते. पन आकडा तोंडानं म्हनू नको. अन आधी पाया पडजो.”

मग सुरू झाला माझा खरा हंगाम. बाभळीखाली ओल्या गोणपाटावर थोरला निजवायचे. मी चपला काढून, मान लववून, डोक्यापासून शेपटीपर्यंत टेप लावायची, मग पोटाभोवती घेर. ओढायचा नाही. अंगठा दाबून तसाच लिहायचं. बाया गोल करून बघायच्या. “याले काय शिवतेस, बंडी का कोट?” कुणी म्हणायचं, “गळा जरा खुला ठेवजो, घाम येते त्याले!” एका मोठ्या कटल्याला तर हसून हसून सगळ्यांनी शेरवानी ठरवली होती. संध्याकाळी टेप धुऊन अब्बांच्या दोरीवर वाळत टाकायची, तरी वास जाईना. आमचं एक गिऱ्हाईक गळ्याचं माप देता देता नाक फेंदारून म्हणालं, “मास्तर, आज घरी काय बेत?” अब्बांनी पापणीसुद्धा लववली नाही.

साहेब आले ते संक्रांत उलटल्यावर, जीपनं. अंगानं चांगले भरलेले, स्वभावानं बरे, पण घाईत. त्यांनी माझी मापं चाळली, थोरल्यांच्या मापांवर थांबले. “हे मासे प्रत्यक्ष वजन न करता कसे लिहिले?” म्हणाले. मी सांगितलं. त्यांना सूत्र ठाऊक होतंच, पण मान हलवून म्हणाले, “आजचा दाखवा.”

त्या दिवशी सुखदेवभाऊंच्या जाळ्यात एक कटला आला होता, दोघांनी उचलून आणावा असा. गोणपाटावर निजवला. सगळी पाळ गोळा झाली, वरच्या वस्तीतल्या बायाही आल्या. मावशीचा पदर तिच्या दातांत होता. मी चपला काढल्या, पाया पडले, लांबी घेतली, घेर घेतला, अंगठा टेपावर दाबला.

“किती?” साहेब मोठ्यानं म्हणाले.

मी टेप तसाच धरून त्यांच्याजवळ नेला.

“अहो, मोठ्यानं सांगा ना, इथं सगळ्यांना कळू दे.”

मावशीनं दातांतला पदर सोडला. “साहेब,” ती म्हणाली, “तुमच्या पोटाचं माप हिनं असं पाळीवर वरडून सांगतलं तं चालन काय तुम्हाले?”

जीपच्या ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. मला वाटलं, गेलं पाणी. मग साहेबांनी खाली आपल्या पट्ट्याकडे बघितलं, मग कटल्याच्या पोटाकडे, आणि ते असे हसले की पट्टाच हलू लागला. सगळी पाळ हसली. सुखदेवभाऊसुद्धा. साहेब वाकले, माझ्या अंगठ्याखालचा आकडा निरखून वाचला आणि ओठ मिटून स्वतःच्या हातानं लिहिला. मोठ्यानं काही म्हणाले नाहीत.

जेवायला थांबले. त्यांना मधली तुकडी गेली, माझी. ते मला अजून आठवतं!

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झाली तेव्हा एका दुपारी मावशी दुकानात आली. खांद्यावर ओलं पोतं, बाहेर कुत्री. गिऱ्हाइकं बाजूला सरली. “मास्तर,” ती अब्बांना म्हणाली, “पानी आपल्याकडंच राह्यलं.” आणि पोत्यातून पानात बांधलेली एक मोठी तुकडी काढून तिनं शिलाई मशीनवर ठेवली, अर्धवट शिवलेल्या कुणाच्या तरी पॅन्टवर. “हा टेपाचा वाटा.” अब्बा उभे राहिले. त्यांनी सलाम केला, खुर्ची दिली, पाणी दिलं. आमच्या दुकानात हा मान फक्त बुजुर्गांचा. मी काजात डोकं खुपसून बसले, कारण मला रडू येत होतं आणि या खेपेला हाताला खवलेही नव्हते.

पुढं मला शाळेत नोकरी लागली. मुलांना मासा शिकवताना मी अजून आधी त्याचा मान सांगते, मग कल्ले. बीटीवर नंतर आणखी काय काय आलं, गुलाबी अळी आली, काही घरं वस्तीतून उठून शहरात गेली, काहींच्या दाराला कुलपं आहेत. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पण थोरला अजून काट्यावर चढलेला नाही.

बसस्टँडवरून परवा मी शेवटी घरी गेलेच नाही. टेप पर्समध्ये असतोच, तशीच दुसरी बस धरून पाळीवर गेले. मावशी आता खूप म्हातारी झाली आहे. अंगणात बाजेवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. पुढ्यात वजनाचा काटा, आणि आरोग्य केंद्रातली एक तरुण सिस्टर हैराण होऊन उभी. “मॅडम, तुम्ही तरी सांगा. वजन घेतल्याशिवाय पुढे लिहायचं काय? आजी चढतच नाहीत.”

मावशी न वळता म्हणाली, “तुले सांगतलं ना व बाई. या पाळीवर आता मीच थोरली हावो.”

मी चपला काढल्या. पाया पडले. सिस्टरला म्हटलं, दंडाचा घेर चालतो ना तुम्हाला? ती म्हणाली, चालेल, तेवढं तरी द्या. मी मावशीचा दंड हातात घेतला आणि टेप लावला. ओढला नाही. तरी तो एवढुशा दंडाभोवती फिरत गेला, फिरत गेला, आणि आकडा आला तो मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी अलीकडचा. मी अंगठा दाबला आणि सिस्टरला नुसता दाखवला. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

“किती भरली व?” मावशीनं विचारलं.

मी टेप गुंडाळत राहिले. “थोरल्याचं माप मोठ्यानं सांगत नाहीत, मावशी.”

ती वळली. डोळे बारीक करून तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्या तोंडभर हसू आलं. “शानी झाली,” म्हणाली, आणि आत सुनेला हाक मारून सांगितलं की आज मधली तुकडी रेहानाले वाढजा.